पाप उरतेच, मग विश्वास खरा कशावरून?

श्रद्धा आचरणावर घासून पाहायची, हा बसवकल्याणचा जुना संस्कार आहे. बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जळाच्या या राजधानीत बसवेश्वरांनी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांनी भक्ताला साधे प्रश्न विचारले: तू कष्टाचे खातोस का? बोलतोस तसा वागतोस का? जात विसरलास का? हरळय्या या चांभार शरणाच्या मुलाचे लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी लागले आणि त्यापायी दोन्ही बापांना प्राण गमवावे लागले, असे शरण परंपरा सांगते. देवावरची भक्ती खरी की वरवरची, याची परीक्षा इथे एका लग्नमंडपात झाली.

याच मुलखात पुढे ख्रिस्ती मंडळ्याही रुजल्या. बिदर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजावर मेथडिस्ट परंपरेचा ठसा मोठा आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींमधल्या असंख्य कुटुंबांना या मंडळ्यांत मान मिळाला, शाळा मिळाली. पण ख्रिस्ती माणसाला शेजारीपाजारी एक प्रश्न हमखास विचारतात: ‘तुमच्यात म्हणे विश्वास ठेवला की पापांची क्षमा होते. मग पुन्हा पाप करायला मोकळे?’ मंडळीच्या आतही हाच प्रश्न दुसऱ्या रूपात सलत असतो. रविवारी उपासनेत डोळे मिटून प्रार्थना करणारा माणूस सोमवारी मजुराची मजुरी बुडवतो, घरी बायकोवर हात उगारतो. याचा विश्वास खरा म्हणायचा का? आणि त्याचा नाही म्हणायचा, तर माझा तरी कशावरून खरा?

या प्रश्नावर ख्रिस्ती विचारवंतांनी दोन हजार वर्षे डोके शिणवले आहे. त्यांची उत्तरे ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही उपयोगी पडावीत अशी आहेत, कारण ढोंग आणि दुबळेपणा यांतला फरक ओळखण्याची गरज सगळ्यांनाच असते.

गाठ कुठे आहे?

ख्रिस्ती शिकवणुकीनुसार माणूस स्वतःच्या पुण्याईवर तरत नाही. देव कृपेने क्षमा करतो, माणूस ती विश्वासाने स्वीकारतो. सत्कर्मे ही त्या क्षमेची किंमत नसून तिच्यामागून येणारा परिणाम आहे. इथपर्यंत सरळ आहे. गाठ पुढे बसते. क्षमा झालेला माणूस पापी वृत्तीतून एका दिवसात सुटत नाही. नव्या करारातले योहानाचे पहिले पत्र याच गाठीवर बोट ठेवते. माझ्यात पाप नाहीच असे म्हणणारा स्वतःला फसवतो, असे ते सुरुवातीला सांगते. आणि थोडे पुढे गेल्यावर म्हणते की देवापासून जन्मलेला माणूस पापात राहत नाही. वाचणारा गोंधळतो. मंडळीने मात्र ही दोन्ही विधाने एकत्र धरली: विश्वासणाऱ्याच्या हातून पाप घडते, पण तो पापात घर करून राहू शकत नाही.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आतली ओढाताण उघड मांडली आहे. चांगले करावेसे वाटते आणि हातून वाईटच घडते, ही ती ओढाताण. मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात शिकवले की विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. 1517 साली त्याने मांडलेल्या 95 मुद्द्यांपैकी पहिलाच मुद्दा असा, की पश्चात्ताप ही एका दिवसाची क्रिया नाही. ख्रिस्ती माणसाचे सगळे आयुष्य हाच पश्चात्ताप असावा. ल्यूथरशी अनेक बाबतींत न पटणारे कॅथोलिक चर्चही मानते, की बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतले गेले तरी पापाकडे झुकणारी ओढ माणसात उरते. म्हणून तर तिथे पापनिवेदनाचा संस्कार आयुष्यभर चालू राहतो.

म्हणजे निष्पाप असणे ही खऱ्या विश्वासाची खूण नव्हे, यावर मुख्य ख्रिस्ती परंपरांचे एकमत आहे. मग खूण कोणती?

जे पुरावा वाटते, पण पुरावा नसते

या बाबतीत सर्वांत बारकाईने विचार केला तो अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्स या पाळकाने. त्याच्या नॉर्थॅम्प्टन गावच्या मंडळीत 1734-35 मध्ये आणि पुन्हा 1740 नंतर मोठी आध्यात्मिक जागृती झाली. माणसे रडत होती, कापत होती, भरभरून साक्षी देत होती. काही वर्षांनी एडवर्ड्सला दिसले की त्यांतल्या काहींचे आयुष्य खरोखर पालटले होते आणि काही जण होते तिथेच परतले होते. 1746 साली त्याने धार्मिक भावनांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात दोन याद्या दिल्या. पहिली यादी ज्यांवरून काहीच सिद्ध होत नाही अशा बारा गोष्टींची: भावनांची तीव्रता, शरीरावर दिसणारे परिणाम, धर्माविषयी अखंड बोलणे, शास्त्रवचने मनात आपोआप उमटणे, स्वतःच्या तारणाबद्दल ठाम खात्री. या गोष्टी खऱ्या विश्वासासोबत असू शकतात आणि खोट्यासोबतही. दुसरी यादी खऱ्या खुणांची. तिच्यात नम्रता येते, स्वभावात पडलेला बदल येतो, कोवळे मन येते. आणि सर्वांत शेवटी, सर्वांत विस्ताराने येते ते आचरण.

या विचाराची परीक्षा पाहायला आपल्याला अमेरिकेला जायला नको. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती सदनात जून 1905 मध्ये असाच प्रकार घडला. पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला असलेल्या मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, ढसाढसा रडत आपली पापे कबूल करू लागल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स मूळच्या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी. त्यांनी पुढल्याच वर्षी या अनुभवावर पुस्तक लिहिले. बाहेरून पाहणाऱ्यांपैकी काहींना ही देवाची करणी वाटली, तर काहींना हा भावनेचा उमाळा वाटला. एडवर्ड्सच्या कसोटीने पाहिले तर त्या रडण्यावरून होकार मिळत नाही, तसा नकारही मिळत नाही. बोलतात ती पुढची वर्षे. दुष्काळात उपाशी मरण्यापासून वाचवलेल्या, घरादाराने टाकलेल्या त्या मुली छापखान्यात, मागावर, शेतात, शुश्रूषेत उभ्या राहिल्या आणि स्वतःपेक्षा दुबळ्यांची काळजी घेऊ लागल्या.

रमाबाईंची आठ वर्षे

रमाबाईंचे स्वतःचे आयुष्य या प्रश्नावरचे सर्वांत प्रामाणिक मराठी उदाहरण आहे. 1858 साली आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जन्मलेल्या या संस्कृत विदुषीने 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अमेरिकेत दौरे करून निधी उभारला आणि 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. बाहेरून पाहणाऱ्याला याहून चांगला ख्रिस्ती कोण वाटेल? पण 1907 च्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूच्या आत्मकथनाने त्यांना हलवले. हा माणूस पाळक होऊन उपदेश करत असताना, आपल्याला स्वतःलाच अजून परिवर्तनाची गरज आहे, हे त्याच्या ध्यानात आले होते.

रमाबाईंची ही कबुली दोन बाजूंनी महत्त्वाची आहे. एक, चांगली कामेसुद्धा एकटी पुरावा ठरत नाहीत. ती कर्तव्यबुद्धीतून होतात, स्वाभिमानातूनही होतात. दोन, आपला विश्वास अपुरा होता असे म्हणण्याचे धैर्य हीच विश्वासाची मोठी खूण आहे. ढोंगी माणूस आपल्या भक्तीचा हिशेब पुन्हा उघडत नाही.

रमाबाईंमध्ये दोष नव्हते असे त्यांच्या जवळच्यांनीही म्हटले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन त्यांना लेकीसारखे मानत, तरी हट्टीपणाबद्दल आणि अहंकाराबद्दल त्यांना पत्रांतून बोल लावत. रमाबाईही आपल्या विवेकाला न पटणाऱ्या शिकवणुकीपुढे मान तुकवत नसत. यात हट्ट किती आणि सत्यनिष्ठा किती, हे त्या पत्रांतून ठरवणे कठीण जाते. बाप्तिस्म्यानंतरचे जवळपास चाळीस वर्षांचे आयुष्य एकत्र पाहिले की दिशा मात्र स्पष्ट दिसते. रमाबाईंचे काम केडगावपुरते थांबले नाही. 1912 च्या सुमारास रमाबाईंनी आणि त्यांच्या कन्या मनोरमाबाईंनी निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, शाळा काढली. शिक्षणात मागे राहिलेल्या या भागात ख्रिस्ती विश्वासाने धरलेले ते फळ होते. 1921 साली मनोरमाबाई गेल्या. एकुलत्या एका लेकीच्या मृत्यूनंतरही रमाबाईंनी साध्या मराठीतल्या बायबल भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातही दोष न झाकण्याची हीच दृष्टी सापडते. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यानंतरही त्यांचा संतापी स्वभाव होता तसाच होता, आणि लक्ष्मीबाईंनी तो झाकला नाही. घरातले शेवटचे धान्य देऊन टाकणारे टिळकही त्याच पानांत भेटतात. स्वतः लक्ष्मीबाईंच्या मनातून सोवळे एका दिवसात गेले नाही. कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, हा निश्चय त्यांनी विचार करून केला आणि मग निभावला. संतांचे चरित्र गुळगुळीत करून सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. या बाईंनी दोषांसकट माणूस दाखवला, म्हणूनच त्याच्यातला विश्वास वाचकाला पटतो.

पेत्र आणि यहूदा

पाप येशूच्या या दोन्ही शिष्यांनी केले. यहूदा इस्कर्योताने तीस रुप्यांसाठी येशूला धरून दिले. पेत्राने त्याच रात्री, मी याला ओळखत नाही, असे तीनदा सांगितले. दुःखही दोघांना झाले. यहूदाने पैसे परत फेकले आणि गळफास घेतला. पेत्र रडला, पण शिष्यांमध्ये परतला. आणि ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ या येशूने तीनदा विचारलेल्या प्रश्नाला त्याने समोर उभे राहून उत्तर दिले. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौलाने दुःखाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक देवाकडे वळवणारे, दुसरे माणसाला मरणाकडे नेणारे. अपराधाची बोच लागणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. बोच माणसाला कुठे नेते, यावर सगळे अवलंबून आहे.

खऱ्या पश्चात्तापाला आणखी एक अंग आहे: भरपाई. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा जक्कयाने निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे जाहीर केले. क्षमा देवाकडे मागायची आणि बुडवलेली मजुरी मात्र खिशात ठेवायची, हे या कथेत बसत नाही. दावीद राजाने उरियाची बायको घेतली, उरियाला मारवले. नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर दोषी ठरवले, तेव्हा राजाने सबब सांगितली नाही आणि संदेष्ट्याचे तोंडही बंद केले नाही. चूक दाखवणाऱ्याशी माणूस कसा वागतो, ही विश्वासाची एक बिनचूक कसोटी आहे.

एकट्याने होत नाही

बिदर-कलबुर्गीच्या मेथडिस्ट मंडळ्यांची मुळे ज्याच्यापाशी जातात, तो जॉन वेस्ली इंग्लंडचा. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत त्याला आपल्या पापांच्या क्षमेची खात्री पटली. पण भावनेच्या त्या क्षणावर त्याने चळवळ उभारली नाही. 1742 साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. सभासदांचे साधारण बारा-बारांचे गट पाडावेत आणि प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे ठरले. गटप्रमुख पैसे गोळा करायला घरोघर जाऊ लागले, तसे कोण दारू पितो, कोणाच्या घरी भांडण आहे, कोण खचला आहे, हे कळू लागले. वेस्लीने लगेच ओळखले की हेच हवे होते. कर्जफेडीच्या व्यवस्थेतून वर्गसभा जन्मली. दर आठवड्याला थोडी माणसे एकत्र बसत आणि आपला आत्मा कसा आहे, हे एकमेकांना खरे खरे सांगत. 1743 साली त्याने तीन सोपे नियम घालून दिले: कोणाचे वाईट करू नका, जमेल तितके चांगले करा, प्रार्थना, वचन आणि प्रभुभोजन सोडू नका.

वेस्ली पूर्ण प्रेमाच्या पवित्रतेवर भर देणारा होता. तरी त्याच्याच लंडनच्या मंडळीतले काही जण आपण आता पापमुक्त झालो असे सांगू लागले, तेव्हा त्याने त्यांना विरोध केला. त्यांच्यापैकी जॉर्ज बेल याने 28 फेब्रुवारी 1763 रोजी जग बुडणार, असे भाकीत केले. ते खोटे ठरले. त्याच वर्षी वेस्लीने विश्वासणाऱ्यांमधल्या पापावर प्रवचन प्रसिद्ध केले. पाप अंतःकरणात उरते, पण राज्य करत नाही, हा त्याचा मुख्य विचार. आपण पडणारच नाही असे मानणारा माणूस पडल्यावर ते लपवतो. आपण पडू शकतो हे जाणणारा सावध राहतो आणि आधार मागतो.

सामूहिक पापाची कसोटी

एक पाप असे आहे की ते एकट्याचे वाटतच नाही, कारण सगळेच करत असतात. भारतातल्या मंडळीत ते जातीचे. बाप्तिस्मा घेऊनही दक्षिणेतल्या कित्येक मंडळ्यांत उच्चवर्णीय मानले जाणारे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनाचा पेला आधी घेत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 साली मंडळीतून जातिभेद ताबडतोब आणि कायमचा काढा, असा आदेश काढला. तंजावरच्या बाजूला अनेकांनी त्यापायी मंडळी सोडली. विश्वास आणि जात यांतले एक निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी जात निवडली.

बसवकल्याणच्या भूमीवर हे विशेष आठवण्याजोगे आहे. इथे शरणांनी आठशे वर्षांपूर्वी हीच कसोटी लावली आणि ती प्राणाची किंमत देऊन पाळली. आज इथल्या ख्रिस्ती कुटुंबात मुलीचे स्थळ पाहताना पोटजात विचारली जात असेल, तर रविवारची उपासना कितीही भक्तिभावाची असो, तिथे अजून पश्चात्ताप बाकी आहे.

न्याय कोणी करायचा?

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या छळात काही धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी पवित्र शास्त्राच्या प्रती शत्रूच्या हवाली केल्या. उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटस पंथीयांचे म्हणणे, अशा लोकांनी दिलेले संस्कार बाटलेले. शुद्धांची मंडळी वेगळीच असली पाहिजे. 411 साली कार्थेजला मोठी वादसभा भरली. तिथे बिशप ऑगस्टिनने येशूच्या गहू आणि निदणाच्या दाखल्याचा आधार घेतला. शेतात दोन्ही एकत्र वाढतात, निवड कापणीला होते, आणि ती देवाची आहे.

याचा अर्थ मंडळीने डोळे मिटून घ्यावेत असा नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या दिल्या आहेत: आधी एकांतात बोला, मग एक-दोघांना सोबत घ्या, मग मंडळीपुढे मांडा. करिंथच्या मंडळीतल्या एका उघड अपराध्याला बाजूला करा, असे पौलाने पहिल्या पत्रात सांगितले. दुसऱ्या पत्रात, शिक्षा भोगून दुःखी झालेल्याला पुन्हा जवळ घ्या, अशी विनंती केली. शिस्तीचा हेतू परत आणणे हाच होता. आज या शिस्तीचा दोन्ही बाजूंनी विपर्यास होतो. गरिबाच्या चुकीची चर्चा गावभर होते आणि पदावरच्या माणसाचे पाप ‘क्षमा करा, देव न्याय करील’ म्हणत झाकले जाते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला गप्प बसवून मिळवलेली क्षमा ख्रिस्ती नव्हे. स्त्रीवर किंवा लेकरावर हात टाकणारा पाळक असला तरी त्याची तक्रार कायद्याकडे गेलीच पाहिजे. जक्कयाची भरपाई तिथूनच सुरू होते.

स्वतःबद्दल मात्र प्रत्येकाला रोज न्याय करता येतो, आणि प्रभुभोजनाआधी तो करावा, असे पौल स्पष्ट सांगतो. त्यासाठी चार प्रश्न पुरेत. पाप केल्यावर मला ते झोंबते का, की सवयीचे झाले आहे? कबुली दिल्यावर ज्याचे नुकसान केले त्याच्याकडे मी गेलो का? माझी चूक मला दाखवू शकेल असे एक तरी माणूस माझ्या आयुष्यात आहे का? पाच वर्षांपूर्वीपेक्षा आज माझ्या घरातली माणसे माझ्याजवळ अधिक निर्धास्त आहेत का?

या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली तरी खचायचे कारण नाही. उत्तर खरे देता आले, तिथेच सुधारणेला सुरुवात झाली. विश्वास खरा असल्याची खूण कधीच न पडण्यात शोधू नका. पडल्यावर माणूस कोणाकडे वळतो, काय परत करतो आणि वर्षानुवर्षे कोणत्या दिशेने चालतो, हे पाहा. आणि ते पाहणे शेजाऱ्यापासून नव्हे, स्वतःपासून सुरू करा.